मनीच्या पोटाखालची गाठ

मैत्रिणींनो, आमच्या अर्नाळ्यात मांजर मुद्दाम पाळावं लागत नाही. किनाऱ्यावर बोंबील वाळत पडले की चार-दोन मांजरं दारात हजर! आमची मनीही अशीच दहा वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात पडवीत शिरली नि घरचीच झाली.

गेल्या वर्षी तिचं पोट कुरवाळताना बोटाला हरभऱ्याएवढी गाठ लागली. "पूर्वी पिल्लं झालीयत, दुधाची गाठ असेल," असं म्हणून मी सोडून दिलं. मग सहामाहीचे पेपर, दिवाळीचा फराळ, पाहुणेरावळे. तीन महिन्यांनी पाहते तो गाठ लिंबाएवढी! माझ्या हातून झालं ते तुमच्या हातून होऊ नये, म्हणून आज हा विषय.

मांजरीच्या पोटाखाली दोन रांगांत साधारण चार-चार आचळं असतात. तिथे येणाऱ्या शंभर गाठींपैकी ऐंशी ते नव्वद कर्करोगाच्या निघतात. तेव्हा 'बघू पुढे' हे इथे चालत नाही. तरुण किंवा गाभण मांजरीची सगळीच आचळं एकदम सुजली, तर ते पुष्कळदा शरीरातल्या संप्रेरकांमुळे असतं आणि रोग नसतो. पण तेही डॉक्टरांनीच ठरवावं.

हा रोग एका जागी बसून राहत नाही. आधी काखेतल्या नि जांघेतल्या रसग्रंथींत, मग फुप्फुसांत, त्यांच्या आवरणात, कधी यकृतात शिरतो. म्हणून शस्त्रक्रियेआधी तो कुठवर पोचलाय हे पाहणं फार महत्त्वाचं. मनीला पहिल्यांदा जिथे दाखवलं, तिथे "उद्याच कापून टाकू" असं सांगितलं. छातीच्या फोटोचं नावही निघालं नाही. माझ्या मनाला काही ते पटेना. टोपलीत घालून तिला विरारला नेली, तिथून लोकलने मुंबई गाठली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळी आचळं, काखा, जांघा चाचपल्या. काखेतली ग्रंथी टणक लागली, तेव्हा बारीक सुईने त्यातला अंश काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. छातीचे एक्स-रे तीन काढले : उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर आणि उताणं. "तीन कशाला हो?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "ज्या कुशीवर मांजर झोपतं, त्या बाजूचं फुप्फुस दबतं नि त्यातला छोटा डाग लपतो. कूस बदलली की दिसतो." पोटाची सोनोग्राफी नि रक्ताची तपासणीही झाली. फार बारीक डाग एक्स-रेत येत नाहीत, सी.टी. स्कॅनमध्ये त्यातले काही सापडतात. म्हणून फोटो स्वच्छ आला, तरी शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांच्या अंतराने तो पुन्हा काढायचा असतो.

मनीच्या फुप्फुसांत कापसाच्या बोंडांसारखे डाग होते. पूर्ण रांग कापून तिला यातना द्यायच्या आणि आयुष्य काही वाढायचं नाही, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. आम्ही शस्त्रक्रिया केली नाही. वेदनाशामक औषधावर ती सात आठवडे खिडकीतल्या उन्हात सुखाने राहिली. मग एका रात्री श्वास फारच लागला, तेव्हा सकाळी डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन तिला शांत झोपवलं. घरात दोन दिवस कुणाला जेवण गेलं नाही.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते. दर संकष्टीला मांजरीला मांडीवर घ्या नि दोन्ही रांगा काखेपासून जांघेपर्यंत बोटांनी चाचपा. तांदळाच्या दाण्याएवढी गाठ लागली तरी त्याच आठवड्यात दाखवा. दोन सेंटिमीटरच्या आत काढलेल्या गाठीनंतर मांजर बहुधा काही वर्षं जगतं, तीनच्या वर गेली की हिशेब महिन्यांवर येतो. गाठ दाबू नका, लेप लावू नका. आपली पॅरासिटामॉलची गोळी चुकूनही देऊ नका, मांजराला ती विष आहे.

मांजर गाढ झोपलेलं असताना मिनिटभर श्वास मोजा. रोजच तीसच्या वर जात असतील, वजन उतरत असेल, तर डॉक्टरांना सांगा. तोंड उघडं टाकून धापा टाकत असेल, तर क्षणभरही थांबू नका.

आपल्या भागातून जायला परळचं १८८६ सालचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. महालक्ष्मीला २०२४ साली टाटांचं लहान प्राण्यांचं रुग्णालयही सुरू झालंय.

आणि सगळ्यात मोठा उपाय स्वस्तातला. सहा महिन्यांच्या आत नसबंदी केली तर हा धोका सुमारे ९१ टक्क्यांनी, वर्षाच्या आत केली तर ८६ टक्क्यांनी कमी होतो, असं २००५ सालच्या एका अभ्यासात आढळलं. माज थांबवायच्या गोळ्या-इंजेक्शनांनी मात्र तो वाढतो.

पडवीत पुन्हा एक पिल्लू आलंय, हो. तिच्या नसबंदीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलीय. तुमची मांजरी आत्ता चुलीजवळ झोपली असेल, तर हे पान खाली ठेवा नि आधी तिचं पोट चाचपून या.