पातेलंभर विरजण कोण ठेवतं?

गेल्या मे महिन्यात चार दिवस सुट्टी टाकून गावी, कवठे येमाईला गेलो होतो. सोबत लॅपटॉप, छोटा वजनकाटा आणि पुण्याच्या फ्रीजमध्ये सहा आठवडे पडून असलेली सावरडोची बरणी. हसू नका. २०२० च्या लॉकडाउनमध्ये अनेकांना हे वेड लागलं, त्यातला मी एक. बाकीचे बरे झाले, मी नाही. :)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सावरडो म्हणजे बाजारचं यीस्ट न घालता, पीठ-पाण्यात आपोआप वाढणारं यीस्ट आणि दह्यात असतात त्या जातकुळीचे जिवाणू यांच्या जोरावर फुगवलेला पाव. या आंबवणाला स्टार्टर म्हणतात. फ्रीजमध्ये ते झोपतं. पाव करायच्या आधी त्याला दोन-तीन वेळा पीठ-पाणी घालून जागं करावं लागतं.

नेहमीची कृती अशी: ५० ग्रॅम स्टार्टर ठेवा, ५० ग्रॅम पीठ आणि ५० ग्रॅम पाणी घाला. फुगलं की १०० ग्रॅम टाकून द्या आणि पुन्हा तेच. दिवसातून दोनदा, तीन दिवस. मी पहिल्याच दिवशी बरणीतलं पीठ मोरीत ओतताना आईने पाहिलं.

"पीठ का रे टाकलंस?"

मी समजावायला गेलो. टाकलं नाही तर आंबटपणा साठत जातो, आणि दर वेळी तिप्पट होत गेलं तर सहाव्या खेपेला साडेछत्तीस किलो होईल वगैरे. आईने ऐकून घेतलं. १९७२ च्या दुष्काळात ती दहा वर्षांची होती. आजीबरोबर खडी फोडायच्या कामावर जायची. सुकडी आणि तांबडा मिलो खाऊन काढलेले दिवस ती सहसा सांगत नाही, पण आमच्या घरात परातीला चिकटलेलं पीठसुद्धा भाकरीतच जातं. ती एवढंच म्हणाली, "आरं, पण एवढं ठेवतोस कशाला? दुधाला चमचाभर विरजण पुरतं. पातेलंभर विरजण कोण ठेवतं?"

मी गप्प. तीन दिवसांत ३०० ग्रॅम पीठ, म्हणजे तीन भाकऱ्यांचं, आणि त्यातलं बहुतेक मोरीत. इतकी वर्षं मी ही कृती एकदाही न तपासता चालवत होतो. दुसऱ्याचा कोड न वाचता चिकटवला की आम्ही ज्युनियरला झापतो, आणि इथे मी स्वतः तेच करत होतो.

मग कागदावर हिशोब मांडला. १ ग्रॅम जुनं, २ पीठ, २ पाणी: झाले ५. त्यात १० पीठ, १० पाणी: २५. त्यात ५० पीठ, ५० पाणी: १२५. यातलं १२० पावात गेलं आणि ५ परत बरणीत. तीन वेळा खाऊ घातलं, एकूण ६२ ग्रॅम पीठ लागलं, टाकलं काहीच नाही. एक ग्रॅम म्हणजे चमच्याच्या टोकाला लागेल एवढं. पण त्यातही कोटींच्या घरात जिवाणू असतात आणि यीस्ट लाखांच्या पुढे. झोपून बरेच मेले असले तरी उरलेले पुरतात.

दोन गोष्टी मात्र सांभाळायच्या. एक, घड्याळ बघायचं नाही, आंबवण बघायचं. आधीचं बुडबुड्यांनी भरून दुप्पट झाल्याशिवाय पुढचं पीठ घालायचं नाही. मला पहिल्या टप्प्याला अख्खा दिवस लागला, तिसरं मात्र उन्हाळ्यामुळे चार तासांत वर आलं. पाककृतींमधले तास थंड देशांतल्या स्वयंपाकघरांचे असतात. मी शेवटी भांडं माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवलं. २५ ग्रॅमचा टप्पा फुगलाच नाही, तर त्यातलं ५ घेऊन तो टप्पा पुन्हा करा आणि उरलेलं धिरड्यात घाला. दोन, बरणीत वर साचलेल्या करड्या पाण्याला घाबरू नका, पण गुलाबी-नारिंगी रेघ किंवा बुरशी दिसली तर सगळं टाका. तिथे काटकसर नको.

माझं म्हणणं असं की ही नासाडी सावरडोची गरज नाही, ती प्रमाणाची चूक आहे. जिथे रोज पाव होतो तिथे मोठं आंबवण रोज संपतं. महिन्यातून दोनदा पाव करणाऱ्याने ते प्रमाण कशाला उचलायचं? आणि "शंभर वर्षं जुना स्टार्टर" वगैरे कौतुकही जरा आवरावं. २०२१ मध्ये चार खंडांतल्या ५०० स्टार्टरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कोणत्या आंबवणात कोणते जीव सापडतात याचा त्याच्या वयाशी किंवा गावाशी फारसा संबंध दिसला नाही. आमच्या घरातलं विरजण किती जुनं हे आईला कुणी विचारलेलं नाही, आणि तिने कधी ते मिरवलेलंही नाही. संपलं की शेजारून चमचाभर आणायचं.

रविवारी पाव झाला. गिरणीच्या कणकेचा, त्यामुळे जरा बसका. आईने चहात बुडवून खाल्ला, "आंबट हाय" म्हणाली, आणि रिकामी बरणी धुवायला उचलली. मी धावत जाऊन थांबवलं. तळाशी ते पाच ग्रॅम होते!

असो. तुमच्याकडे उरलेल्या आंबवणाचं काय करता? मोरीत जात असेल तर आजच वजनकाटा काढा.