चाकांवरचे घर आणि हिमनदीचे मुद्दल

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात लेक लुईस आणि जॅस्पर या गावांना जोडणारा सुमारे २३० किलोमीटरचा ‘आइसफील्ड्स पार्कवे’ हा जगातील अत्यंत रमणीय मार्गांपैकी एक मानला जातो. रॉकी पर्वतराजीतून, बॅन्फ व जॅस्पर या राष्ट्रीय उद्यानांमधून जाणाऱ्या या रस्त्यावर उन्हाळ्यात ‘मोटारहोम’ मोठ्या संख्येने दिसतात. शय्या, ओटा, फ्रीज, न्हाणीघर असा सारा संसार चाकांवर! मुलांकडे कॅनडात गेलेल्या मराठी आईवडिलांनाही या प्रवासाची भुरळ पडावी, यात नवल नाही. मनाला येईल तिथे थांबावे, खिडकीतून हिमशिखरे न्याहाळत चहा घ्यावा, ही कल्पनाच मोहक आहे.

तथापि या स्वातंत्र्याला शिस्तीची चौकट आहे. मुक्काम नेमून दिलेल्या तळावरच करावा लागतो. पिण्याचे पाणी टाकीत मावेल तेवढेच आणि सांडपाण्याची टाकी ठरलेल्या ठिकाणीच रिकामी करायची. वाटेत इंधन मिळते ते सस्कॅचेवान रिव्हर क्रॉसिंग या एकाच ठिकाणी, तेही हिवाळ्यात बंद असते. मोबाइल बहुतांश मार्गावर मुका होतो. अस्वलांचा वावर असल्याने अन्नाचा कणही उघड्यावर ठेवता येत नाही. शहरातील घरात नळ सोडताना जो हिशेब कधी मनात येत नाही, तो इथे प्रत्येक तांब्यामागे करावा लागतो. या प्रवासाची खरी शिकवण हीच होय.

याच मार्गालगत कोलंबिया हिमक्षेत्रातून उतरणारी अथाबास्का हिमनदी आहे. या हिमक्षेत्राचे पाणी आर्क्टिक, पॅसिफिक आणि हडसन उपसागरामार्गे अटलांटिक अशा तीन महासागरांना मिळते. बर्फ हे मुद्दल आणि नद्यांचे पाणी हे त्यावरील व्याज. आज मात्र मुद्दलालाच हात लागला आहे. गेल्या सव्वाशे वर्षांत ही हिमनदी दीड किलोमीटरहून अधिक मागे सरकली असून तिचे निम्मे आकारमान नष्ट झाले आहे. पायवाटेवरील सालदर्शक फलक पाहत चढणाऱ्या प्रवाशाला ही तूट पावलांनी मोजता येते. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे वर्ष हिमनद्यांच्या संवर्धनासाठी जाहीर केले, ते उगाच नव्हे.

मग भरपूर इंधन पिणारे अवजड वाहन घेऊन वितळता बर्फ पाहायला जाणे, ही विसंगती नव्हे काय? आहेच. ती नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ‘जाऊच नये’ हाही उपाय नव्हे. जे कधी पाहिलेच नाही, त्याच्या जपणुकीची तळमळ क्वचितच वाटते. खरा दोष आहे तो घाईचा. दोन दिवसांत सारा मार्ग पालथा घालून छायाचित्रांची बेरीज करणारा प्रवासी खर्च पुरेपूर करतो, पदरात मात्र थोडेच पडते. त्याऐवजी गरजेपुरते लहान वाहन घ्यावे, एकेका तळावर तीन-चार रात्री राहावे आणि उरलेले अंतर पायी तोडावे. इंधन वाचते, आणि पहाटेच्या शांततेत दुरून कोसळणाऱ्या बर्फाचा आवाजही कानी येतो.

व्याजावर निर्वाह करावा, मुद्दल राखावे, हे आपल्याकडील जुने शहाणपण. चाकांवरच्या घरातून ते घरी घेऊन परतणाऱ्याचाच प्रवास सार्थकी लागला म्हणायचा.