घरच्या ताटाची पीकपाहणी

आरोग्यास हितकर असा आहार घरीच कसा करावा, ह्याविषयी अलीकडे जिकडेतिकडे चर्चा चालू आहे. इ. स. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. नाचणी, राळा, वरई ही धान्ये आता शहरांतील दुकानांत सुबक पिशव्यांतून विकली जातात. दुसरीकडे हातातील फोनवर रोज एक नवी ‘नैसर्गिक’ कृती येऊन पडते. कोणी रस सांगतो, कोणी काढा सांगतो, कोणी अमुक खाल्ल्याने सर्व रोग जातात असे छातीठोकपणे सांगतो. ह्यांपैकी शेतकरी कुटुंबाने काय घ्यावे व काय टाकावे, हा प्रश्न आहे. आमचे मत थोडक्यात असे की, घरगुती कृती अवश्य करून पाहाव्यात. परंतु नवे बियाणे आपण प्रथम पाच-दहा गुंठ्यांतच पेरून पाहतो, त्याच सावधगिरीने त्या मोजून, टिपून व पडताळून पाहाव्यात. ‘नैसर्गिक’ हा शब्द म्हणजे पुरावा नव्हे.

आमची नोकरी तहसील कचेरीत झाली. गाव नमुना नंबर बारा, म्हणजे पिकांची नोंदवही, वर्षानुवर्षे आमच्या हाताखालून गेली आहे. तीत गावाचा आहार लिहिलेला नसतो. पण तो कसा पालटला हे तीवरून समजते. जेथे खरिपाची ज्वारी व मटकी, हुलगा होता तेथे सोयाबीन आले. जेथे पाणी पोहोचले तेथे ऊस आला. ह्यात शेतकऱ्याचा दोष नाही. पैसा देणारे पीक घेणे त्यास भागच आहे. परंतु पूर्वी रान बदलले तरी घरापुरते चार तास वेगळे राखले जात, ती चाल मोडली. शेंगा बाजारात घालावयाच्या व तेल पिशवीतले आणावयाचे. ज्वारी आडतीवर द्यावयाची व मुलांच्या हाती बिस्किटाचा पुडा द्यावयाचा. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीस इ. स. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; पण अशा ज्वारीच्या मुलखातही भाकरी पाहुण्यांच्या पंक्तीस कमीपणाची मानणारी घरे आम्ही पाहिली आहेत.

ह्याचा परिणाम कोणास भोगावा लागतो? इ. स. २०१९ ते २०२१ ह्या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५४ रक्तक्षयाने पीडित आढळल्या, व पाच वर्षांखालील मुलांत हे प्रमाण शेकडा ६८ च्याही वर गेले. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत, आणि तो केवळ भाकरीने बरा होईल असे आम्ही म्हणत नाही. दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या कोणीही बंद करू नयेत. तथापि शंभर ग्रॅम बाजरीत सहा ते आठ मिलिग्रॅम लोह असते व सडलेल्या पांढऱ्या तांदळात ते एक मिलिग्रॅमही भरत नाही. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम, असते व तांदळात दहाच्या आसपास. हा भेद ज्याच्या रानात ही धान्ये पिकू शकतात त्याने तरी दुर्लक्षू नये.

आता करून पाहण्याजोग्या तीन कृती सांगतो. ह्यांत नवे काही नाही, आणि तोच त्यांचा गुण होय.

पहिली नाचणीच्या मोडांची. एक किलो नाचणी निवडून, धुऊन, बारा तास भिजवावी. पाणी निथळून ओल्या फडक्यात बांधावी. दीड दिवसात मोड दिसू लागतात. मग ती वाळवून, चोळून मोड झाडून टाकावेत, मंद आंचेवर किंचित भाजून दळावी. मोडांमुळे पिठातील पिष्ट सैल होते व लापशी घट्ट न होता जास्त पीठ पोटात जाते. सहा महिने पूर्ण झालेल्या मुलास ती म्हणूनच सोयीची. वस्त्रगाळ करून खाली बसलेले पांढरे सत्त्व तेवढे घ्यावयाचे व चोथा गुरांना घालावयाचा, ही रीत मात्र सोडावी. धान्याचा कस बराचसा त्या चोथ्याबरोबर जातो.

दुसरी आंबील. मूठभर ज्वारीचे पीठ दोन वाट्या ताकात कालवून रात्रभर ठेवावे. उन्हाळ्यात चार-पाच तास पुरतात. तीन वाट्या उकळत्या पाण्यात लसूण, जिरे व मीठ घालून त्यात हे पीठ ओतावे व गुठळी होऊ न देता दहा मिनिटे शिजवावे. उन्हात कामास जाणाऱ्या माणसास चहापेक्षा हिचा आधार अधिक. जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातील लोह अंगी लागू देत नाही. उलट लिंबाची फोड त्यास साह्य करते.

तिसरी जवसाची चटणी. जवस तडतडेपर्यंत भाजून, सुकी मिरची, लसूण, जिरे व मीठ घालून कुटावे. जवसाचे तेल हवेने लवकर खवट होते, सबब पंधरा दिवस पुरेल एवढीच चटणी करावी. बाजरीच्या पिठासही हाच नियम. ते आठवड्यापुरतेच दळावे.

येथवर वाचून कोणी उत्साहाने कामास लागेल, म्हणून धोक्याच्या जागाही दाखविणे आमचे कर्तव्य आहे. नाचणीस मोड आणले म्हणून ज्वारीसही आणू नयेत. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावते हे आपणांपैकी प्रत्येकास ठाऊक आहे. तेच विष ज्वारीच्या मोडांतही तयार होते. दुधी भोपळा कडू लागला तर त्याचा रस मुळीच पिऊ नये. अशा रसाने आपल्या देशात मनुष्ये मेलेली आहेत. घाण्याचे तेल उत्तम, पण घाण्यात घातलेले दाणे बुरशीचे असतील तर ते विष तेलात उतरते व भाजल्या-तळल्याने पूर्णपणे जात नाही. इ. स. १९७४ मध्ये राजस्थान व गुजरात ह्यांच्या सीमेवरील बांसवाडा व पंचमहाल ह्या भागांत बुरशीचा मका खाण्यात आल्याने शंभरांहून अधिक माणसे दगावली; तो मकाही घरचा व नैसर्गिकच होता. सबब आडतीत न खपलेल्या, भिजलेल्या शेंगा घरच्या तेलासाठी ठेवण्याची काटकसर कोणी करू नये. एक वर्षाच्या आतील मुलास मध चाटवू नये. सैंधवाच्या नादाने आयोडीनयुक्त मीठ घरातून काढू नये. आणि गूळ ही साखरेचीच बहीण आहे. मधुमेह्यास तो चालतो असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

ह्यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो आमच्या मते सर्वांत वजनदार आहे. घरगुती कृती सुचवितात पुरुष, आणि निवडणे, भिजविणे, वाळविणे, कुटणे हे सर्व पडते बायकांच्या अंगावर. दिवसभर खुरपणी करून आलेल्या बाईस ‘आता जात्यावर दळ, ते अधिक नैसर्गिक’ असे सांगणे हा आरोग्याचा उपदेश नसून जुलूम आहे. गिरणीत दळलेल्या ज्वारीची भाकरी ही पूर्ण चांगली भाकरी होय. ज्या घरात पुरुष पाणी भरील, धान्य निवडील व गिरणीवर डबा घेऊन जाईल, त्या घरानेच नव्या कृतीस हात घालावा. आणि ज्या बाईच्या आरोग्यासाठी हा खटाटोप, तिने सर्वांशेवटी उरलेसुरले खावे ही रीत प्रथम बंद करावी. हे होत नसेल तर बाकीच्या सर्व कृती व्यर्थ होत.

आता टिपण्याविषयी. इ. स. २०२१ पासून शेतकरी स्वतःच आपल्या पिकाची नोंद फोनवरून करू लागला आहे. ज्यास रानातील पीक नोंदविता येते त्यास ताटातील अन्नही नोंदविता येईल. एक साधी वही घ्यावी व तीत इतके रकाने आखावेत : तारीख, कृती, धान्याचे माप, जळण व वेळ, कोणाचे श्रम, किती उरले, किती दिवस टिकले, कोणास मानवले, कोणास नाही. एका वेळी एकच कृती, आणि तीही निदान पंधरा दिवस. एकदम चार गोष्टी बदलल्या तर गुण कशाचा व दोष कशाचा हे कळत नाही. एकाच हंगामात वाण, खत व पाणी तिन्ही बदलणारा शेतकरी काय शिकणार? वर्षअखेर त्या वहीवरून घरास किती ज्वारी, किती नाचणी, किती जवस लागले हे निघेल, व पुढील पेरणीत तेवढे रान आधी घरासाठी वेगळे काढता येईल. पाच माणसांच्या घरास ते फार लागत नाही. उसाच्या बांधावरच्या दोन तासांत तीळ-जवस निघतात.

बाजाराचे अन्न सर्वच वाईट व घरचे सर्वच चांगले, असे आमचे म्हणणे नाही. ऐकीव गोष्टीवर घर चालवू नये, एवढेच आमचे मागणे आहे. शहरातील मनुष्य भरडधान्याची पिशवी दाम मोजून घेतो, कारण त्याजजवळ रान नाही. ज्याजवळ रान आहे त्याने तीच पिशवी विकत आणावी, आणि त्याच्या घरातील लेकीसुनांच्या अंगात रक्त नसावे, ह्याहून उलटा व्यवहार कोणता? येत्या रब्बीच्या पेरणीपूर्वी प्रत्येकाने घरधनिणीस शेजारी बसवून हा हिशेब मांडावा, आणि वहीत जे निघेल ते बरे असो वा वाईट, ह्या मासिकाकडे लिहून पाठवावे. दहा घरांच्या खऱ्या टिपणांनी जे कळेल ते शंभर ऐकीव कृतींनी कळणार नाही.