करून पाहा : केळ्यातले पांढरे धागे

3 जून 2020 ला 'निसर्ग' चक्रीवादळ आमच्या श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं. वाड्यांतल्या कितीतरी पोफळी काही तासांत आडव्या झाल्या. नवी रोपं लावायची, तर बी निवडून घ्यावं लागतं. पोफळ सुपारीपासूनच उगवते आणि फळ धरायला तिला पाच-सहा वर्षं तरी लागतात. बी चुकलं, की एवढी वर्षं वाया!

झाड कसं वाढेल, श्रीवर्धनच्या रोठ्यासारखी मोठी सुपारी धरेल का, याची बरीचशी माहिती बीच्या पेशींत आधीच असते. ती साठवतो डीएनए. तो बघायचाय? सुपारी पडली कडक, म्हणून त्याच वाडीतलं मऊ केळं घेऊ.

साहित्य : पिकलेल्या केळ्याचा अर्धा तुकडा, अर्धा कप पाणी, भांडी घासायचा पातळ साबण एक चमचा, पाव चमचा मीठ, पातळ फडकं, काचेचा पेला आणि औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट.

कृती : स्पिरिटची बंद बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवा. केळं कुस्करा. पाण्यात मीठ आणि साबण मिसळून त्यावर ओता. दहा मिनिटं हलक्या हाताने ढवळा. फेस नको हं! मग फडक्यातून पेल्यात गाळा. आता पेला तिरका धरून, गाळलेल्या पाण्याइतकंच गार स्पिरिट कडेने हळूच सोडा. दहा मिनिटं पेला हलवू नका.

सावधान! स्पिरिट चटकन पेट घेतं. गॅस, निरांजन यांपासून लांब बसा, मोठ्यांना सोबत घ्या आणि यातलं काहीही तोंडात घालू नका.

दोन थरांच्या मध्ये पांढरे, चिकट धागे दिसतील. असं का झालं? साबणाने पेशींची स्निग्ध आवरणं फुटली, डीएनए बाहेर आला. स्पिरिटमध्ये तो विरघळत नाही. मिठामुळे गोळा होऊन वर येतो. या धाग्यांत केळ्यातले इतर पदार्थही थोडे अडकलेले असतात, बरं का. 1869 मध्ये फ्रीड्रिश मीशर यांना हा पदार्थ पहिल्यांदा सापडला, तोही जखमेच्या पट्ट्यांवरच्या पुवात!

आता गंमत पाहा. केळ पिल्लांपासून लावतात, म्हणून पिल्लाचा डीएनए आईसारखाच. पोफळीच्या बीत मात्र परागकणांमुळे दुसऱ्या झाडाचाही डीएनए येऊ शकतो. म्हणूनच जाणते वाडीवाले नुसती टपोरी सुपारी बघून भुलत नाहीत. जोमदार, दरवर्षी भरपूर धरणारी पोफळ हेरून तिचंच बी राखतात.

पुढच्या खेपेला पपई घेऊन पाहा. धागे कशात जास्त निघाले, ते वहीत नोंदवा!