उजेड नव्हे, बिल कमी करा!

लाईट बिल आले की आमच्या घरात दोन दिवस अंधार पडतो. वीज जाते म्हणून नव्हे. बाबा घरभर फिरून बटणे बंद करीत सुटतात म्हणून! तिसऱ्या दिवशी सारे पूर्ववत. गेल्या वर्षी ही कामगिरी माझ्यावर आली. "तू सायन्सला आहेस ना? मग दाखव बचत करून," असे बाबांनी आव्हानच दिले.

आमचे घर शहापुरातले, जुने, कौलारू आणि बोळासारखे लांबट. मी उत्साहाच्या भरात पहिला हल्ला चढवला तो माजघरातून न्हाणीकडे जाणाऱ्या वाटेवरच्या झिरोच्या बल्बवर. रात्रभर उगीच जळतो म्हणून काढूनच टाकला. चौथ्या रात्री आजी उंबरठ्याला अडखळून पडली. नशीब, हाड मोडले नाही. पण पंधरा दिवस गुडघा शेकत बसावे लागले. ती मला रागावली नाही. एवढेच म्हणाली, "उजेड नको रे कमी करू बाळा, बिल कमी कर."

मित्रहो, या एका वाक्याने माझे डोळे उघडले. आपण काटकसर म्हणजे अंधार सोसणे असे समजतो. आणि हा अंधारही सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही. सोप्यात पाहुण्यांसाठी लख्ख ट्यूब, आणि आई जिथे विळीवर भाजी चिरते तिथे पिवळा, मिणमिणता बल्ब! ही कसली काटकसर?

मग मी वही घेऊन बसलो. हिशेब सातवीतल्या मुलालाही जमेल असा आहे : दिव्याचे वॅट गुणिले तास, भागिले हजार, म्हणजे युनिट. 'झिरो'चा बल्ब नावालाच झिरो. तो खातो सुमारे १५ वॅट. आमच्या देवघरात तो चोवीस तास जळे : महिन्याला १०.८ युनिट! वाटेवरचा रात्री दहा तास : ४.५ युनिट. स्वयंपाकघरातला ६० वॅटचा बल्ब रोज पाच तास : ९ युनिट. माजघरातली जुनी ट्यूब ४० वॅटची खरी, पण तिचा लोखंडी चोक आणखी पंधराएक वॅट घेतो. रोज आठ तासांचे झाले १३.२ युनिट. एकूण साडेसदतीस!

साध्या बल्बमध्ये शंभर भाग विजेतले जेमतेम पाच भाग उजेडाचे. बाकीची सारी उष्णता. म्हणजे स्वयंपाकघरात आपण पैसे देऊन आणखी एक लहानशी चूलच पेटवून ठेवतो! २०१५ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'उजाला' योजनेने एलईडी दिवे स्वस्तात घरोघरी पोहोचवले. तरी जुना बल्ब 'अजून चालतोय' म्हणून आपण तो बदलत नाही. आम्ही बदलले. स्वयंपाकघरात ९ वॅटचा दिवा, माजघरात २० वॅटची पट्टी, देवघरात आणि वाटेवर अर्ध्या वॅटचे दिवे. शिवाय माजघराच्या छपरात दोन कौलांच्या जागी काचेची कौले बसवली आणि भिंतींना चुना दिला. दिवसाचे चार तास ट्यूब लावावीच लागेनाशी झाली. आता त्याच चार दिव्यांचे महिन्याचे युनिट भरतात सव्वाचार. आजीच्या वाटेवरचा दिवा रात्रभर जळतो, तरी महिन्याकाठी पाव युनिटही होत नाही.

अभ्यासाचेही तसेच. छताजवळच्या दिव्याखाली डोळे ताणण्यापेक्षा लहान दिवा पुस्तकाजवळ आणावा. अंतर निम्मे केले की प्रकाश चौपट होतो, हा नियम आपण परीक्षेत लिहितो आणि घरी विसरतो.

आता कुणी म्हणेल, २०२३ पासून आपल्या कर्नाटकात 'गृहज्योती' आहे, २०० युनिटपर्यंत वीज फुकट. मग हा उपद्व्याप कशाला? पण ते २०० युनिट काही सरसकट मिळत नाहीत. प्रत्येक घराची मर्यादा त्याच्या पूर्वीच्या सरासरी वापरावरून ठरते. तिच्यावर गेलात तर जादा युनिटांचे पैसे. आणि २०० ओलांडलेत तर सगळे बिल आपले. उन्हाळ्यात पंखे सुरू झाले की आमचे घर दरवर्षी मर्यादेबाहेर जाई, ते याच तीस-बत्तीस युनिटांपायी! शिवाय आपल्याला फुकट म्हणजे कुणालाच खर्च नाही, असे थोडेच आहे? रायचूरला त्यासाठी कोळसा जळतोच, आणि सरकार जे पैसे भरते ते करांतूनच येतात. जे आपल्याला फुकट मिळते ते जपून वापरणे हा शहाणपणाच नव्हे, सभ्यपणाही आहे.

म्हणून माझे एवढेच सांगणे आहे : या सुट्टीत घरी गेलात की वही घ्या आणि एकेका दिव्याचे वॅट नि तास लिहून काढा. जो दिवा कुणाच्याच कामाचा नाही तो बंद करा. जो कामाचा आहे तो बदला. आणि ज्या दिव्याखाली आई राबते, ज्याच्या आधाराने म्हातारी माणसे रात्री चालतात, त्याला हात लावायचा तर तो अधिक चांगला करण्यासाठीच लावा.

बाबा अजूनही बिल आले की बटणांकडे धावतात. फक्त वाटेवरच्या बटणाला आता कोणी हात लावत नाही.