किल्ली कोणाच्या हाती? आभासी चलनाच्या साठवणुकीचा प्रश्न

वेंटवर्थव्हिल (सिडनी) : १८ जुलै २०२४ रोजी मुंबईतून चालणाऱ्या 'वझीरएक्स' या क्रिप्टो एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी अमेरिकी डॉलरची आभासी मालमत्ता चोरीला गेली. ग्राहकांच्या एकूण मालमत्तेचा हा जवळपास ४५ टक्के भाग होता. त्यानंतर खातेदारांना आपले चलन बाहेर काढता येईना. सिंगापूरच्या उच्च न्यायालयाने पुनर्रचनेची योजना मंजूर करून व्यवहार पुन्हा सुरू होईपर्यंत ऑक्टोबर २०२५ उजाडला. म्हणजे तब्बल सव्वा वर्ष लाखो लोकांना स्वतःच्या खात्यातील आकडा नुसता पाहत बसावे लागले.

वेंटवर्थव्हिल, वेस्टमीड, पॅरामाटा या पट्ट्यात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना ही बातमी परकी नाही. पुण्यामुंबईत नोकरी करताना उघडलेले एक खाते तिकडे आणि इथे आल्यावर उघडलेले दुसरे, अशी दुहेरी मांडणी आपल्या ओळखीत सहज आढळते. शिवाय सहकारी बँका बुडताना पाहिलेली ही पिढी आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये 'पीएमसी' बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदारांना सुरुवातीला केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. मात्र तिथे निदान रिझर्व्ह बँक होती आणि ठेव विमा होता. ऑस्ट्रेलियातही अधिकृत बँकेतील ठेवीला प्रत्येक खातेदारामागे अडीच लाख डॉलरपर्यंत सरकारी संरक्षण आहे. आभासी चलनाला यांपैकी कोणतेही कवच लागू नाही. म्हणूनच 'काय विकत घ्यावे' यापेक्षा 'घेतलेले कुठे ठेवावे' हा प्रश्न अधिक गंभीर ठरतो.

नोंदणी म्हणजे हमी नव्हे

मुळात आभासी चलन आपल्या फोनमध्ये किंवा एखाद्या यंत्रात साठवलेले नसतेच. ते एका सार्वजनिक नोंदवहीत असते, आणि ते हलवण्याचा अधिकार एका गुप्त किल्लीमुळे मिळतो. साठवणूक म्हणजे त्या किल्लीची राखण. एक्स्चेंजवर चलन ठेवले की किल्ली एक्स्चेंजकडे जाते आणि आपल्याकडे उरतो तो त्या कंपनीवरचा दावा.

तो दावा किती ठिसूळ असू शकतो, हे ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अनुभवले. जागतिक 'एफटीएक्स' कोसळताच तिची इथली शाखा प्रशासकांच्या ताब्यात गेली आणि सुमारे ३० हजार ऑस्ट्रेलियन ग्राहक अडकले. त्या शाखेकडे वित्तीय सेवांचा रीतसर परवाना होता. घटनेनंतर 'एसिक'ने तो स्थगित केला. पाठोपाठ ब्रिस्बेनची 'डिजिटल सर्ज' ही कंपनीही अडचणीत आली, कारण तिने ग्राहकांच्या मालमत्तेचा काही भाग एफटीएक्सकडे ठेवला होता. आपण निवडलेल्या कंपनीने पुढे कोणाला निवडले आहे, हे खातेदाराला ठाऊक नसते.

एप्रिल २०१८ पासून इथल्या एक्स्चेंजना 'ऑस्ट्रॅक'कडे नोंदणी सक्तीची आहे. ती आवश्यकच आहे, परंतु तिचा रोख काळ्या पैशाच्या व्यवहारांना आळा घालण्यावर आहे. कंपनी बुडाल्यास पैसे परत मिळतील, असे ती नोंदणी सांगत नाही. ग्राहकांची मालमत्ता सांभाळणाऱ्या कंपन्यांना वित्तीय परवान्याच्या चौकटीत आणणारे विधेयक ऑस्ट्रेलियाच्या संसदेत मांडले गेले ते नोव्हेंबर २०२५ मध्ये. भारतातही मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये आभासी चलन ही 'मालमत्ता' असल्याचे मान्य करून वझीरएक्सच्या एका ग्राहकाला अंतरिम संरक्षण दिले. दिशा योग्य आहे, पण कायदा अद्याप चोराच्या मागून चालतो आहे.

स्वतःची तिजोरी, स्वतःची जोखीम

मग किल्ली स्वतःकडेच ठेवावी का? मोबाइलमधील वॉलेट ॲप सोयीचे असते, परंतु ते इंटरनेटला जोडलेल्या फोनवर असते. बाजारहाटाच्या पाकिटाइतकी रक्कम तिथे शोभते. मोठ्या रकमेसाठी हार्डवेअर वॉलेट अधिक सुरक्षित. यात किल्ली त्या छोट्या यंत्राबाहेर येत नाही, आणि प्रत्येक व्यवहाराला यंत्रावरचे बटण दाबून संमती द्यावी लागते.

परंतु यंत्र घेतले की चिंता मिटली, असे नाही. वझीरएक्सच्या त्या वॉलेटला एकाहून अधिक अधिकाऱ्यांच्या स्वाक्षऱ्या लागत होत्या आणि कंपनीच्या निवेदनानुसार स्वाक्षरी करणारे हार्डवेअर वॉलेटच वापरत होते. पडद्यावर दिसणारा व्यवहार आणि प्रत्यक्ष मंजूर झालेला व्यवहार यांत तफावत होती, असे कंपनीचे म्हणणे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'बायबिट'मधून सुमारे दीड अब्ज डॉलर गेले तेही अशाच रीतीने : कुलूप शाबूत होते, मालकालाच फसवून ते उघडायला लावले गेले. बोध सरळ आहे. संगणकाच्या पडद्यावर विसंबू नये. यंत्राच्या पडद्यावरील पत्ता आणि रक्कम वाचावी, आणि जे वाचून कळत नाही त्याला संमती देऊ नये.

यंत्र हरवले तरी चलन परत मिळवून देणारे १२ किंवा २४ इंग्रजी शब्द म्हणजे 'सीड फ्रेज'. हीच खरी तिजोरी. मार्च २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय पोलिसांनी १३० हून अधिक लोकांना एका सापळ्याबद्दल सावध केले. नामांकित एक्स्चेंजच्या नावाने संदेश येई : 'तुमचे खाते धोक्यात आहे, नवे वॉलेट उघडा, हे घ्या त्याचे शब्द.' ते शब्द भामट्यांनीच तयार केलेले असल्याने त्यात ठेवलेला प्रत्येक डॉलर आधीच त्यांचा असे. म्हणून नियम दोन : आपले शब्द कोणाला सांगू नयेत आणि दुसऱ्याने दिलेले शब्द वापरू नयेत. त्यांचा फोटो काढू नये, ईमेलमध्ये ठेवू नये. कागदावर किंवा धातूच्या पट्टीवर लिहून दोन वेगळ्या ठिकाणी जपावेत. थोडी रक्कम टाकून, यंत्र पुसून, त्या शब्दांवरून वॉलेट पुन्हा उभे राहते का, हे एकदा तपासावे आणि मगच मोठी रक्कम हलवावी.

घरात कोणाला ठाऊक आहे?

एवढी दक्षता घेणाऱ्या माणसाच्या हातून एक गोष्ट सहसा राहते. कॅनडाच्या 'क्वाड्रिगा' एक्स्चेंजचा संस्थापक डिसेंबर २०१८ मध्ये जयपूरमध्ये मरण पावला. किल्ल्या त्याच्यासोबतच गेल्या, असे ग्राहकांना सांगण्यात आले. पुढे चौकशीत बहुतांश तूट त्याच्याच फसव्या व्यवहारांमुळे झाल्याचे निष्पन्न झाले, तरी सुरुवातीला ते स्पष्टीकरण लोकांना पटले, कारण ते सहज घडण्यासारखे होते.

ते कोणत्याही घरात घडू शकते. बँकेच्या खात्याला नॉमिनी असतो, लॉकर वारसाला कागदपत्रांवर उघडून मिळतो. सीड फ्रेजपुढे मात्र मृत्युपत्र, न्यायालय आणि वारस दाखला हे सारेच निरुपयोगी ठरतात. त्यातच परदेशातील आपल्या घरांचे दोन तुकडे असतात, जोडीदार इथे आणि आईवडील सांगली-साताऱ्याला. मृत्युपत्रात शब्द लिहू नयेत, कारण ते अनेकांच्या नजरेखालून जाते. आभासी मालमत्ता आहे, ती कोणत्या प्रकारची आहे, यंत्र कुठे आहे आणि शब्द कुठे ठेवले आहेत, हे सांगणारे वेगळे पत्र मात्र असावे, आणि जोडीदाराच्या हातून एकदा तरी सगळी प्रक्रिया करून घ्यावी.

कराच्या भीतीने हे लांबणीवर टाकण्याचे कारण नाही. एक्स्चेंजवरून स्वतःच्या वॉलेटमध्ये चलन हलवणे ही ऑस्ट्रेलियाच्या कर कार्यालयाच्या दृष्टीने विक्री नाही. खरेदीची तारीख आणि किंमत यांच्या नोंदी मात्र जपाव्यात. किल्ली हरवल्यास भांडवली तोटा दाखवता येतो, पण त्यासाठी मालकीचा पुरावा लागतो.

कोणी काय करावे?

गेल्यास झोप उडणार नाही इतकी रक्कम नोंदणीकृत एक्स्चेंजवर ठेवायला हरकत नाही. तिथे दुहेरी पडताळणी चालू असावी, आणि तीही एसएमएसऐवजी ॲपद्वारे. रक्कम त्याहून मोठी असेल, तर थेट निर्मात्याकडून घेतलेले हार्डवेअर वॉलेट वापरावे. आणि किल्ली सांभाळण्याची शिस्त आपल्यात नाही, असे प्रामाणिकपणे वाटत असेल, तर जून २०२४ पासून ऑस्ट्रेलियन शेअर बाजारात बिटकॉइनचे ईटीएफ उपलब्ध आहेत. त्यात शुल्क जाते, किल्ली दुसऱ्याच्या हाती राहते आणि किमतीतील चढउतार टळत नाहीत. परंतु ते समभागांसारखे नोंदलेले असल्याने वारसापर्यंत पोहोचण्याची वाट कायद्याने आखलेली आहे.

निवड कोणतीही असो, ती एकट्याने करून एकट्यापाशी ठेवू नये. आपल्या आज्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. त्या तो कोणाच्या हाती सहजासहजी देत नसत. पण आपल्यामागे तो कोणाकडे जायचा, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असे.