घरांतील बालोद्योग : चिंध्यांचें सोंग

शाळेंत वेषभूषेचा दिवस जाहीर झाला कीं आपल्या घरांतून दोन गोष्टी ठरलेल्या असतात. भाड्यानें पोशाख देणाऱ्या दुकानाकडे धांव घ्यावयाची, आणि मुलाच्या गालांवर नको तितका रंग थापावयाचा. त्या संध्याकाळपुरतें मूल शिवाजीमहाराज होतें किंवा झांशीची राणी होतें. दुसऱ्या दिवशीं पोशाख परत जातो. अंगरख्याचे बंद कोठें बांधतात, लुगड्याचा काष्टा मागें कां खोंवतात, हें कळण्याचा त्याला प्रसंगच येत नाहीं. म्हणून या महिन्यांत वाचकांपुढें आम्ही निराळा उद्योग ठेवीत आहों. पोशाख अंगावर न चढवितां पुठ्ठ्यावर चढवावयाचा. घरांतील टाकाऊ जिनसा चिकटवून एका व्यक्तीचें सोंग मुलांनीं उभें करावयाचें. हल्लीं यास कोलाज म्हणतात.

जिनसा विकत आणूं नयेत. हा आग्रह केवळ काटकसरीचा नव्हे. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं डहाणू तालुक्यांत बोर्डी येथें बालशिक्षणाचें केंद्र काढलें, अनुताई वाघ त्यांना तेथें येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्यें तें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. मॉंटेसरीबाईंचीं महाग साधनें खेड्यांतील बालवाडीला परवडणारीं नव्हतीं. तेव्हां शंखशिंपले, बिया, पानें हींच त्यांनीं साधनें मानलीं. मुलाच्या हाताला ओळखीची वस्तु मिळाली कीं त्याची बुद्धि त्या वस्तूशीं बोलूं लागते, हें तेथें जाऊन आलेल्यांना निराळें सांगावें लागत नाहीं.

तर घरांत शोध घ्यावा. आजीच्या जुन्या लुगड्याचा कांठ, शिंप्याकडील चिंध्या, लग्नपत्रिकांचे सोनेरी तुकडे, कांद्याचीं सालें, लसणीचे पापुद्रे, केसांकरितां नारळाचा काथ्या. डहाणूकडील वाचकांना सुरूचीं पानें आणि चिकूच्या काळ्या चकचकीत बिया फुकट मिळतील. चिकूच्या बीला मात्र एका टोंकास आंकडी असते व ती घशांत अडकते. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या हातीं ती देऊं नये.

चिकटविण्यास खळ घरींच करावी. दोन चमचे मैदा पेलाभर थंड पाण्यांत गुठळी न होऊं देतां कालवावा आणि मंद विस्तवावर चकाकी येईपर्यंत ढवळावा. बुक बांधणारे खळींत मोरचूद घालतात. तें विष आहे, मुलांच्या खळींत तें कदापि नको. पातळ कापडांतून खळ वर फुटते व डाग पडतो. यास उपाय असा कीं कापडाच्या पाठीस आधीं कागद चिकटवून तें वाळवावें आणि मग कापावें. कडेचे दोरेही सुटत नाहींत.

आतां सोंग कोणाचें? आम्ही सुचवूं कीं तारपा वाजविणाऱ्या वारल्याचें करावें. परंतु येथें वडील मंडळींनींच जपावयाचें आहे. वेषभूषेच्या स्पर्धेंत "आदिवासी" म्हटला कीं कमरेला पानांचा घागरा, डोक्याला पिसें, हातांत भाला असें एक बुजगावणें उभें करतात आणि सभा टाळ्या पिटते. डहाणू-तलासरीचा वारली असा नाहीं. जुनी माणसें लंगोटी, बंडी व डोक्याला फडकें घालीत. बायका गुडघ्यापर्यंत घट्ट लुगडें नेसत. आजचा तरुण वारली शर्ट-पँट घालून कामावर जातो, आणि मुलानें त्याला शर्ट-पँट चिकटविली तर ती चूक समजूं नये.

गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८, पद्मश्री २०११) यांचीं चित्रें मुलांना दाखवावींत. टोंकाशीं जोडलेले दोन त्रिकोण, कीं झाला माणूस. बाईला मागें एक अंबाडा. त्या माणसांना कपडे नसतात. चित्रकारानें जें गाळलें तेंच आपणांस भरावयाचें असल्यानें नक्कल होण्याची भीति उरत नाहीं. तारप्याला वाळलेला भोंपळा, बांबूच्या नळ्या, पुढें ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांध्यांना मेण लागतें. पुठ्ठ्यावर भोंपळा तपकिरी पिशवीच्या कागदाचा, नळ्या खराट्याच्या काड्यांच्या, कर्णा जुन्या चटईच्या पातींचा. वाजविणारा किंचित् वांकलेला असतो. ताठ उभा काढला तर तो बँडवाला दिसतो!

मूल विचारील, हा इतर वेळीं काय करतो? शेतांत राबतो, एवढें सांगून थांबूं नये. १९४५ च्या मे महिन्यांत आजच्या तलासरी तालुक्यांतील झरी येथें हजारों वारली जमले, आणि जमीनदाराच्या शेतावर फुकट वेठ करणार नाहीं असें त्यांनीं ठरविलें. गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर होत्या. 'जेव्हां माणूस जागा होतो' (१९७०) या पुस्तकांत त्यांनीं त्या लढ्याची हकीकत लिहिली आहे. दहा वर्षांच्या मुलाला हें सहज समजतें. अवघडतों ते आपण.

ज्यांना अधिक भडक सोंग हवें त्यांनीं जव्हार-मोखाड्याकडील बोहाड्याचे मुखवटे करावे. देव-राक्षसांचीं तीं सोंगें रात्रीं वाद्यांच्या तालावर निघतात. रावणाचीं दहा तोंडें एकत्र कुटुंबांत दहा हातांनीं करतां येतात, आणि प्रत्येक तोंडाचा चेहरा निराळा होतो, ही मौज कांहीं औरच. काकूंनीं एखादें तोंड "नीट" करून देण्याचा मोह आवरावा.

काम झाल्यावर पुठ्ठा पाटाखालीं वजन ठेवून रात्रभर दाबावा, नाहींतर तो वाळतांना वांकतो. खळीला झुरळें लागतात. चित्र भिंतीला टेकवून न ठेवतां दोऱ्यानें टांगावें, आणि पावसाळ्यापूर्वीं एकदां कडक ऊन दाखवावें.